वार एक, घरं दोन

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेलं हे प्रकरण सोळा वर्षांच्या दोन जुळ्या भावांचं आहे. थोरला यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूच्या एका कोरडवाहू गावात आईवडिलांजवळ वाढला. धाकटा सव्वा वर्षाचा असताना वणीला मावशीकडे गेला आणि तिथलाच झाला. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत.

दहावीनंतर धाकट्याला अकरावीसाठी कुठे ठेवायचं यावरून घरात भांडण पेटलं आणि ते त्याच्या स्वभावावर घसरलं. पोरगा बोलत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. बापासोबत कापूस विकायला गेला तर गाडीतून खाली उतरत नाही. वडिलांनी निदान स्वतःच करून आणलं होतं. "मावशीनं बिघडोला त्याले. आमच्या घरी राह्यला असता तर असा झाला नसता. एकाच पाकिटातलं बियाणं हाय मॅडम, एक काळीत पेरलं, एक बरडीत." मावशीही तितकीच ठाम. "तो जन्माचाच तसा हाय. आणला तवा धड रडतबी नव्हता." आई दोघांच्या मध्ये बसली होती, ती काही बोलली नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा बाहेर आली, पण ती आधीच सांगते. रीतसर दत्तक देणं-घेणं कधी झालंच नव्हतं, दत्तकपत्रही नव्हतं. त्यामुळे कायद्यानं धाकटाही जन्मदात्या बापाचाच वारस, आणि मावशीच्या नवऱ्याचं वणीतलं घर पुढे कुणाचं हाही प्रश्न होताच. स्वभावाच्या वादाखाली वावराचा आणि घराचा वाद होता. तो मी माझ्याकडे ठेवला नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जायला सांगितलं, कारण तो न सुटता राहिला असता तर पोराच्या अबोलपणावर कितीही चर्चा करून काही निघालं नसतं.

आधी खातरजमा

बाप असो की मावशी, दोघांचंही म्हणणं एका गृहितावर उभं होतं: ही पोरं एकबीज आहेत, म्हणजे एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली. घरच्यांकडे पुरावा एकच, बाळंतपणाच्या वेळी आजीनं पाहिलेलं, "वार एक होती." वार म्हणजे गर्भाला रक्त पुरवणारा आणि बाळंतपणात बाहेर पडणारा भाग. हा पुरावा वाटतो तितका पक्का नाही. द्विबीज, म्हणजे दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या, जुळ्यांच्या दोन वारा एकमेकींना चिकटून एकच दिसू शकतात. उलट एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोड्यांच्या वारा वेगळ्या असतात. दोन वारा दिसल्या म्हणून 'ही वेगळी जुळी' असं दवाखान्यातही सर्रास सांगितलं जातं, तेही चूकच.

दुसरा धागा सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा. विदर्भात ही तपासणी शाळांतून होते, आणि ही दोन्ही मुलं वाहक निघाली होती, म्हणजे सदोष जनुक एका पालकाकडून आलेलं, पण आजार नाही. आई वाहक, वडील नाहीत. हे ऐकून वडील खूश झाले, "बघा, रक्तबी एकच." पण हिशेब करून पाहा. आई वाहक आणि बाप साधा असेल तर प्रत्येक लेकराला वाहक होण्याची शक्यता निम्मी. म्हणजे साध्या सख्ख्या भावांचे निकालही निम्म्या वेळा जुळतातच. एक वाहक आणि दुसरा साधा निघाला असता, तर मात्र एकबीज असण्याची गोष्ट तिथेच संपली असती. रक्तगटाचंही असंच असतं: जुळला तर थोडा आधार, न जुळला तर पक्का नकार.

सगळ्यात उपयोगी ठरतात ते साधे प्रश्न. लहानपणी जवळच्या माणसांची गल्लत व्हायची का, शिक्षकांची व्हायची का, फोटोत कोण कोणता हे स्वतःला तरी ओळखता येतं का. अशा प्रश्नावलीचं उत्तर डीएनए चाचणीशी 95 टक्क्यांच्या आसपास जुळतं असं अभ्यासांत दिसलं आहे. इथे तर थोरल्याच्या मोबाईलचं कुलूप धाकट्याच्या चेहऱ्यानं उघडत होतं, आणि एका लग्नात मामानं एकालाच दोनदा टोपी-उपरणं दिलं होतं. गालाच्या आतून बोळा फिरवून करायची डीएनए चाचणी मी सुचवली नाही. खर्च कुटुंबावर पडला असता आणि निकाल काहीही आला तरी पुढचा सल्ला बदलणार नव्हता. मुलं एकबीज आहेत असं धरून पुढे गेले.

दोघांचंही चुकत होतं, पण वेगवेगळ्या ठिकाणी

एकबीज असतील तर मावशीचं 'जन्माचाच तसा' हे जनुकांवर ढकलता येत नाही. दोघांची जनुकं जवळपास सारखीच आहेत, मग एक बोलका आणि एक अबोल हा फरक त्यांच्यातून येईल कसा? पत्रिकेचंही तेच. गावच्या गुरुजींनी दोघांना एकच पत्रिका करून दिली होती आणि त्यात 'वाचाळ' असं लिहिलं होतं. अर्धी खरी ठरली म्हणायची.

वडिलांना इथे आपली बाजू जिंकल्यासारखी वाटली. जनुकं नाहीत, मग राहिलं काय? वाढवणं. चूक नेमकी या पायरीवर होते आणि जुळ्यांच्या अभ्यासातली सगळ्यात अनपेक्षित गोष्टही इथेच आहे.

जुळ्यांवरून निसर्ग आणि संगोपन वेगळे करता येतील ही कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी 1875 मध्ये मांडली. एकबीज जोड्या आणि द्विबीज जोड्या यांची रीतसर तुलना 1920 च्या दशकात सुरू झाली. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी असतात. द्विबीज जुळी म्हणजे एका वेळी जन्मलेली साधी भावंडं, माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या जनुकांपैकी त्यांची सरासरी निम्मी सामायिक. दोन्ही प्रकारच्या जोड्या आपापल्या एकाच घरात वाढतात. मग एकबीज जोड्या जास्त सारख्या निघाल्या तर तो जास्तीचा सारखेपणा जनुकांच्या खात्यात जातो.

लोलिन आणि निकोल्स यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या 850 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्यांवर एकबीज जोड्यांचा सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण सारखेपणा, 0 म्हणजे काहीच संबंध नाही) 0.5 च्या आसपास आणि द्विबीजांचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आला. या दोन आकड्यांतल्या फरकाची दुप्पट केली की आनुवंशिकतेचा ढोबळ वाटा निघतो. तो चाळीस-पन्नास टक्क्यांत बसतो. उरलेला अर्ध्याहून थोडा जास्त वाटा परिस्थितीचा. इथवर कुणालाच धक्का बसत नाही.

धक्का पुढे आहे. एकबीज जुळ्यांची जनुकं एक, घर एक, आईबाप एक, ताटातली भाजी एक, तरी सहसंबंध एकाच्या जवळ नाही, निम्म्यावर थांबतो. म्हणजे परिस्थितीचा जो वाटा आहे, तो मोठ्या प्रमाणात घरानं दोघांना सारखा दिलेला नाही. तो प्रत्येकाचा वेगळा आहे. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात लहानपणीच ताटातूट झालेल्या जोड्या शोधल्या गेल्या. त्यातल्या वेगळ्या घरांत वाढलेल्या 44 एकबीज जोड्यांची व्यक्तिमत्त्व चाचणीवरची तुलना 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचा सरासरी सहसंबंधही 0.5 च्या आसपासच आला, एका घरात वाढलेल्या एकबीज जोड्यांइतकाच. एका छताखाली राहिल्यानं स्वभाव फारसे जास्त सारखे झाले नव्हते.

मग 'आमच्या घरी राह्यला असता तर' या वाक्यात काय उरतं? स्वभावापुरतं बोलायचं तर फार थोडं. आपल्याच घरातली दोन सख्खी भावंडं किती वेगळी निघतात हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही लेकराचा स्वभाव आवडला नाही की आपण आईकडे बोट दाखवतो, आणि इथे मावशीकडे दाखवलं गेलं.

अर्थात या आकड्यांचा गैरवापर सहज होतो. 'स्वभाव निम्मा रक्तातून येतो' म्हणजे या पोराच्या अबोलपणाचे पन्नास टक्के आजोबांकडून आले, असा त्याचा अर्थ नाही. हा वाटा एका लोकसमूहातल्या माणसामाणसांतल्या फरकांचा असतो. एका माणसाची फाळणी त्यातून करता येत नाही. 2015 मध्ये जुळ्यांच्या पन्नास वर्षांतल्या 2,748 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. 17,804 गुणवैशिष्ट्यांची सरासरी काढली तर आनुवंशिकतेचा वाटा 49 टक्के आला. नुसत्या व्यक्तिमत्त्वावरचं त्याच वर्षीचं दुसरं विश्लेषण, जे दत्तक मुलांचे आणि साध्या कुटुंबांचे अभ्यासही धरतं, ते 40 टक्क्यांवर येतं. पद्धत बदलली की आकडा हलतो. शिवाय हे अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांवरचे. कर्ज थकलेलं घर आणि पगारी घर यांतलं अंतर त्यात किती पकडलं जातं, हा रास्त आक्षेप आहे.

या क्षेत्रात लबाडीचा संशयही जुना आहे. वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी दिलेला सहसंबंध, जोड्यांची संख्या 21 वरून 53 वर गेली तरी, तिसऱ्या दशांशापर्यंत 0.771 च राहिला. लिऑन कामिन यांनी 1970 च्या दशकात हे दाखवून दिल्यावर ती आकडेवारी विश्वासातून उठली. जुळ्यांवरचं काही वाचताना मी आजही आधी जोड्यांची संख्या आणि नमुना कसा निवडला ते पाहते.

वाटणी आंधळी नव्हती

आपल्या प्रकरणात निवड कशी झाली? वडिलांच्या काळी-बरडीच्या दाखल्यात बियाणं कुठल्या वावरात पडलं हा योगायोग आहे. इथे तो नव्हता. जन्माच्या वेळी थोरला सव्वादोन किलोचा आणि धाकटा दीड किलोचा. वार एक असेल तर तिच्यातला रक्तपुरवठा दोघांत नेहमी समान वाटला जातो असं नाही, आणि वजनात एवढी तफावत पडू शकते. धाकटा नवजात कक्षात राहिला, घरी आल्यावरही वारंवार आजारी पडला. सव्वा वर्षाचा झाला तेव्हा कापसाचा वेचा सुरू होता आणि आईला दोन लेकरं आवरत नव्हती. मावशीला मूल नव्हतं, मावसा कोळसा खाणीत पगारावर, आणि वणीत डॉक्टर जवळ. म्हणून जो अशक्त आणि शांत, तोच दिला गेला.

याचे दोन अर्थ निघतात. मावशीकडे शांत मूल आलं, तिनं ते शांत केलं नाही. आणि जो फरक जनुकांचा नाही, तो वाढवण्याचाच असतो असंही नाही, कारण वेगळी परिस्थिती गर्भापासूनच सुरू होते. जर्मनीतल्या संशोधकांनी 2013 मध्ये जनुकीयदृष्ट्या एकसारखे 40 उंदीर एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवले होते. तीन महिन्यांत काही उंदीर भटके झाले, काही कोपऱ्यातले. जनुकं तीच, पिंजरा तोच, तरी प्रत्येकाची वाट वेगळी झाली.

पुढचं काम घरांनी केलं, पण मुलांच्या मागून. थोरला हसरा होता, म्हणून जो तो त्याला उचलायचा, चहाच्या टपरीवर न्यायचा, बोलता करायचा. धाकट्याला कुणी फारसं छेडलं नाही, कारण छेडलं की तो आजारी पडायचा. लेकरू आपल्या भोवतालातून आपल्या स्वभावाजोगं वागणं ओढून घेतं. बियाणं आपली जमीन बदलू शकत नाही, लेकरू थोडीफार बदलतं. वडिलांच्या दाखल्यात एवढंच कमी होतं.

दोघांना वेगळं बसवून

वडिलांनी फक्त धाकट्याला आणलं होतं. मी थोरल्यालाही बोलावलं, कारण जुळ्यातल्या एकाबद्दलची तक्रार दुसऱ्याला न पाहता ऐकणं म्हणजे अर्धी माहिती.

धाकटा माझ्याशी वीस-पंचवीस मिनिटांनी बोलायला लागला, आणि मग नीट बोलला. मित्र दोनच, पण घट्ट. गणित आवडतं. जत्रेत किंवा बाजारात छातीत धडधडतं, म्हणून टाळतो. राग आला की जेवत नाही. झोप बरी. मावशीला तो आई म्हणतो, आईला माय. दोन्ही घरं त्याला आपली वाटतात, अडचण एवढीच की कुठे राहायचं हे त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

थोरला आल्या आल्या हसला, माझ्या गाडीबद्दल विचारून झालं, कपाशीच्या भावावर भाषण झालं. मग झोपेचा प्रश्न आला आणि तो एकदम थांबला. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागा असतो. छातीत धडधडतं. आभाळ आलं की पोटात गोळा येतो. राग आला की भांडी फेकतो, नंतर वावरातल्या गोठ्यावर जाऊन एकटा बसतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेकांना विषबाधा झाली, काही जण दगावले. त्याचे वडील त्यात दवाखान्यात होते. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा, बाप घरी येईपर्यंत फाटकात बसून राहायचा. धाकट्याच्या वाट्याला हे आलंच नाही. मावशीनं त्याला ते उशिरा सांगितलं.

दोघंही झोपण्याआधी दाराचं कुलूप तीन-चारदा ओढून पाहतात, हे आईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. इथे मी जरा आवरतं घेतलं. लहानपणीच ताटातूट झालेले अमेरिकेतले ते प्रसिद्ध जुळे, दोघांचंही नाव जिम, 1979 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी भेटले. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी, आणि लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नाव टॉय. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पण लिंडाशी लग्न लावून देणारं जनुक नसतं. दोन माणसांना हजार प्रश्न विचारले की चार-दोन गोष्टी जुळणारच, आणि न जुळणाऱ्या नऊशे कुणी छापत नाही. कुलूप ओढणं कुठल्याही कापसाच्या घरात सापडेल.

छातीतली धडधड आणि पटकन भडकणारा, पण उशिरा शमणारा राग मात्र मी योगायोगात टाकला नाही. काळजीकडे असलेला कल हा जुळ्यांच्या अभ्यासांत चांगला आनुवंशिक दिसणारा गुण आहे. माझ्या अंदाजानं दोघांचा मूळ कल एकच होता, दिसायचा मात्र वेगळा. थोरल्याच्या घरात माणसं जास्त, तिथे आवाज चढवल्याशिवाय कुणी ऐकत नाही. धाकट्याच्या घरात तिघंच, तिथे ताट सरकवलं तरी सगळं घर हादरतं. एका जोडीवरून हे सिद्ध होत नाही. पण उपचाराची दिशा ठरवायला ते पुरेसं होतं, आणि वडिलांनी 'बरा' ठरवलेल्या पोराकडे त्यानं लक्ष गेलं.

घराचा परिणाम स्पष्ट दिसला तो एका जागी: गुणपत्रिकेत. धाकट्याला दहावीला थोरल्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. शाळेतल्या यशात घरानं सारख्या दिलेल्या गोष्टींचा वाटा स्वभावाच्या मानानं खूपच मोठा निघतो, हेही जुळ्यांच्याच अभ्यासांतून आलेलं आहे. गरिबीत तो आणखी वाढत असावा. 2003 मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवरच्या अभ्यासात गरीब कुटुंबांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बहुतांशी घराच्या परिस्थितीनं समजावता आला, जनुकांचा वाटा जवळपास शून्य निघाला. युरोपातल्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. एक कारण असं मांडलं जातं, की तिथल्या गरिबाला शाळा आणि दवाखाना हमखास मिळतो. थोरल्याची शाळा वेच्याच्या दिवसांत दर वर्षी बुडत होती. वडिलांना घरावरूनच भांडायचं होतं तर भांडणाचा मुद्दा हा होता, आणि तो त्यांच्याच अंगावर येणारा होता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

काय ठरलं

अकरावी धाकट्यानं स्वतः निवडली: वणी, विज्ञान शाखा. दिवाळीच्या सुट्टीत गावी यायचं. 'बोलका करा' ही मागणी मी घेतली नाही. धडधड कमी करायला श्वासाचे आणि हळूहळू गर्दीत जाण्याचे सराव दिले, पहिल्यांदा सकाळचा रिकामा बाजार, मग आठवडी बाजार. वडिलांना सांगितलं, व्यापाऱ्याशी घासाघीस थोरला करेल, काटापट्टी आणि हिशेब धाकट्याकडे द्या. पहिल्याच खेपेला त्यानं वजनातली तफावत पकडली. वडील ते गावभर सांगत फिरले, पण 'मावशीकडं राहून हुशार झाला' हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून अजून निघालेले नाहीत.

थोरल्याला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात पाठवलं. आधी तो गेला नाही. "मले काय झालं? मुका तर तो हाय." शेवटी धाकटाच त्याच्यासोबत एसटीनं गेला. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं, रब्बी निघेपर्यंत झोप बरीचशी जागेवर आली. भांडी फेकणं थांबलेलं नाही, कमी झालं आहे.

आईसाठी एक सूचना कागदावर लिहून दिली. पुढच्या आठ-दहा वर्षांत, या वयात असे त्रास जास्त डोकं वर काढतात म्हणून, एकाची झोप उडाली, जेवण तुटलं किंवा जगण्याबद्दल तो वेडंवाकडं बोलला, तर दोघांनाही घेऊन यायचं. जो तक्रार करत नसेल त्याला आधी आत पाठवायचं.